आडनाव कालवड

(चर्चच्या तळघरातला हॉल, शनिवारची सकाळ. मेक्सिकोच्या वकिलातीचं फिरतं कार्यालय आज नेब्रास्कातल्या या गावात आलं आहे. घडीच्या खुर्च्यांवर आत्या कुका आणि तिची भाची नोएमी.)

कुका: ...आणि हे तुला मला गाडीत सांगता येत नव्हतं?

नोएमी: गाडीत सांगितलं असतं तर तू पहिल्याच सिग्नलला उतरली असतीस.

कुका: उतरलेच असते. काय म्हणालीस मला? "आत्या, चर्चमध्ये चल, वेस्लीचं काम आहे." मला वाटलं, शेवटी एकदाची अक्कल आली, पोराचा बाप्तिस्मा करतायत. म्हणून ही माळ घातली, हे टाचांचे बूट घातले. बघ पाय. टामाले झालेत माझ्या पायांचे, नुसती मक्याच्या पानाची गुंडाळी सोडायची बाकी आहे.

नोएमी: माळ छान दिसते तुला.

कुका: माळेला मध्ये आणू नकोस. पोराला मेक्सिकन करायचं आणि त्याला साक्ष माझी? माझी! त्या न्यायाधीशापुढे हात वर करून उभी राहिले, ज्या गाण्यातला एक शब्द कळत नाही ते छातीवर हात ठेवून गायले, वरून रडलेसुद्धा. ते कशासाठी? माझ्या भावाच्या नातवाने रांगेत परत पहिल्यापासून उभं राहावं म्हणून?

नोएमी: तू अमेरिकन झालीस, आत्या. मेक्सिकन असणं कोणी काढून घेतलं नाही तुझं. दोन्ही असू शकतात.

कुका: असू शकतात तुझ्या वाचनालयातल्या कपाटात. बाजारात नाही. मी टोमॅटो आणायला जाते तेव्हा पासपोर्ट कुठे असतो माहीत आहे? इथं, चोळीत. घामाने त्यातला माझा फोटो धुऊन निघालाय. परवा घरी येऊन बघते तर मी फोटोत गोरी झालेली.

नोएमी: मग चांगलंच झालं की.

कुका: हस. हस तू. गेल्या महिन्यात कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्या लावून उभे होते ते लोक, पकडून देशाबाहेर काढणारे. टामालेवाल्या मिनेर्वाचा जावई जन्माने इथला, तरी त्याला पाऊण दिवस बसवून ठेवलं. का? तर तोंड. तोंडावरून. आणि आपल्या वेस्लीला देवाने काय तोंड दिलंय! निळे डोळे, दुधासारखा रंग, आडनाव नोव्हाक. जन्म त्याच दवाखान्यात, जिथं त्याचा बाप जन्मला, आजा जन्मला. त्याला कोणी अडवलं तर अडवणाराच दार उघडून देईल आणि वर सलाम ठोकेल. एवढं आयतं मिळालेलं पोर, आणि त्याची आई त्याच्या कपाळावर स्वतः शिक्का मारायला निघालीय.

नोएमी: कपाळावर नाही मारत. कागदावर मारतात.

कुका: कागदाचंच कपाळ होतं, बाई. तू अजून लहान आहेस.

नोएमी: माझ्या सासूबाई त्याला चेक देशाचा नागरिक करायला निघाल्यात, तेव्हा तू काय केलंस?

कुका: काय केलं?

नोएमी: टाळ्या वाजवल्यास. त्यांच्या घरी, सगळ्यांसमोर. त्यांचे ते गोड पाव, कोलाचे, दोन खाल्लेस आणि म्हणालीस, "वा, आमचा वेस्ली युरोपचा होणार!"

कुका: मग? आहेच ते युरोप. कॉलेज स्वस्त, आगगाड्या वेळेवर. आणि जरदाळूचे होते ते कोलाचे, चांगले होते.

नोएमी: त्यांच्या पणजोबांशिवाय कोणी तो देश बघितलेला नाही. आणि ते पणजोबा सैन्यातून पळून आलेले. दर नाताळात सांगतात ती गोष्ट, अगदी अभिमानाने. टेबलावर सगळे गप्प होऊन ऐकतात.

कुका: पळून आले, पण बोटीने आले.

नोएमी: बाबा नदीतून आले. पाणी दोघांनीही ओलांडलं.

कुका: खाऱ्या पाण्याने माणूस पाहुणा होतो. गोड्या पाण्याने नुसता ओला होतो. हा नियम मी नाही केला.

नोएमी: नाही. तू नुसत्या टाळ्या वाजवल्यास.

कुका: ...जीभ बघा. वाचून वाचून अशी झाली ही. कितवा नंबर आपला?

नोएमी: त्रेचाळीस. आता एकोणचाळीस चाललाय.

कुका: ड्वेन कुठाय? पोराचा बाप म्हणवतो आणि आत पाऊल नाही.

नोएमी: बाहेर फिरवतोय वेस्लीला. ट्रक दाखवतोय म्हणजे रडणार नाही. आणि पाठ करतोय.

कुका: काय पाठ करतोय?

नोएमी: मुलाचं नाव. खिडकीवर विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून. सकाळपासून "बेकेरा, बेकेरा" चाललंय.

कुका: बेकेरा? हे कोण?

नोएमी: बेसेर्रा, आत्या. आपण.

कुका: काय संबंध? पोराचं आडनाव नोव्हाक.

नोएमी: इकडे. तिकडच्या दप्तरात एकच आडनाव चालत नाही, तुला माहीत आहे. आधी बापाचं, मग आईचं, म्हणजे आईच्या बापाचं. माझ्या जन्मदाखल्यावर नोएमी बेसेर्रा रिओस आहे. म्हणून हा तिकडे होणार वेस्ली नोव्हाक बेसेर्रा.

कुका: वेस्ली. नोव्हाक. बेसेर्रा.

नोएमी: हो.

कुका: म्हणजे त्यासाठी हा सगळा खेळ. कॉलेज नाही, घर नाही, जमीन नाही. कालवड!

नोएमी: हळू बोल.

कुका: का? इथं सगळ्यांना कळतं बेसेर्रा म्हणजे कालवड. तो टोपीवाला बघ, आत्तापासूनच हसतोय. तुला माहीत नाही ते काय असतं. आम्ही शाळेत शिरलो की अख्खा वर्ग हंबरायचा. मास्तर हजेरीला "बेसेर्रा" म्हणाला की मागून "हम्माऽऽ". माझं पहिलं लग्न ठरताना सासू म्हणाली, दूध किती देते? आणि तू हे आडनाव त्या निळ्या डोळ्यांच्या पोराला देणार. त्याने तुझं काय वाईट केलं?

नोएमी: इकडे हे आडनाव कुणाकडेच उरलेलं नाही, आत्या. मोजून बघ. तू लुना. बाबा लुना. आई रिओस. मी शाळेत रिओस, लग्नानंतर नोव्हाक. एका टेबलावर जेवणारी माणसं, आणि बेसेर्रा एक नाही. शाळेतल्या बाईंना वाटायचं मी बाबांची सावत्र मुलगी आहे. पालकसभेला त्या बाबांशी फार हळुवार बोलायच्या.

कुका: ते गोऱ्यांना कळत नाही म्हणून. त्यांना वाटतं शेवटचं ते आडनाव. आमच्या आईचं आडनाव शेवटी, म्हणून आम्ही लुना झालो. झालो तर झालो. लुना म्हणजे चंद्र. बिघडलं काय? चांगलं आहे की.

नोएमी: दगडावरसुद्धा लुना आहे.

कुका: कुठल्या दगडावर?

नोएमी: बाबांच्या.

कुका: ...हो. तो.

नोएमी: कारखान्याने पुष्पचक्र पाठवलं त्यावर "फिल लुना". पेपरात "फिल बी. लुना". बी आणि पुढे टिंब. बाबांचं आडनाव, आजोबांचं, त्यांच्या आजोबांचं, सगळं मिळून एक टिंब. मी पेपरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, सरकारी कागदावर असंच आहे.

कुका: तू पेपरवाल्यांना फोन केलास? कधी?

नोएमी: दफनाच्या दुसऱ्या दिवशी.

कुका: दफनाच्या दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडे मक्याचं पोसोले खायला होतीस. हसत होतीस.

नोएमी: फोन त्याआधी केला. एका कारकुनाने केलं हे. बाबा कारखान्यात भरती व्हायला गेले तेव्हा खिडकीमागे कोणीतरी बसलं होतं, त्याला दोन आडनावं लिहायचा कंटाळा आला, त्याने एक उडवलं. त्या माणसाला घरी जेवताना आठवलंही नसेल. आणि बाबा मरेपर्यंत त्याच्या कंटाळ्याचं नाव लावून जगले. मला ते परत हवंय. एका कागदावर तरी. माझ्या मुलाच्या.

कुका: हे तुला तुझ्या बापाने, फिदेन्सिओने सांगितलं? कारकुनाने उडवलं म्हणून?

नोएमी: सांगितलं नाही. पण तसंच होतं ना सगळ्यांचं. तुझं झालं.

कुका: माझं नाही झालं. त्याचंही नाही.

नोएमी: म्हणजे?

कुका: जाऊ दे. चाळिसावा नंबर लागला बघ.

नोएमी: आत्या. म्हणजे काय?

कुका: हे बघ, मला साक्षीला आणलंस म्हणून सांगते, नाहीतर नसतं सांगितलं. मी होते ना त्याच्याबरोबर त्या दिवशी. आम्ही दोघं एकदम भरती झालो. तो कारकून गोरा नव्हताच मुळी. टेक्सासकडचा, आपलाच, स्पॅनिश बोलणारा. माणूस सभ्य. त्याने विचारलं, "बेसेर्रा लुना. यातलं आडनाव कुठलं लावू?" त्याला चांगलं ठाऊक होतं कुठलं लावायचं. तरी विचारलं, कारण मागे रांगेतली सगळी पोरं फिसफिसायला लागली होती. विचार कर तू. गुरं कापायचा कारखाना. दारात रक्ताचे बूट टांगलेले. आणि नोकरी मागायला कोण आलंय? कालवड. एक जण म्हणाला, "याला आत सोडा, पण माणसांच्या दारातून नको, गुरांच्या दारातून." सगळे लोळले हसून. आणि फिदेन्सिओ, तो तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. मग कारकुनाकडे वळून म्हणाला, "लुना लाव रे बाबा. या जागेत चंद्र होऊन शिरलेलं बरं. कालवड होऊन शिरलो तर बाहेर यायचो नाही."

नोएमी: बाबा असं म्हणाले?

कुका: शब्दाला शब्द. मीही मग लुनाच सांगितलं. भाऊ चंद्र झाल्यावर मी एकटी कशाला कालवड राहू?

नोएमी: म्हणजे त्यांनी स्वतःच टाकलं.

कुका: टाकलं नाही तर काय करणार होता? म्हणून म्हणते, जे त्याने स्वतःच्या हाताने दाराबाहेर ठेवलं ते तू त्याच्या नातवाच्या गळ्यात बांधू नकोस. कुणातरी कारकुनाला शिव्या घालत इथंवर आलीस, आता आपली गुपचूप परत चल. बाहेर मिनेर्वा गाडीच्या डिकीतून टामाले विकतेय. दोन खाऊ. ड्वेनलाही देऊ, बेकेराला.

नोएमी: ...

कुका: बोल काहीतरी. तू गप्प बसलीस की अगदी त्याच्यासारखी दिसतेस, मला भीती वाटते.

नोएमी: मग मला कालवडी का म्हणायचे?

कुका: कोण?

नोएमी: बाबा. रात्रपाळी करून आले की पहाटे दारातूनच हाक मारायचे. "ए कालवडी, उठलीस का?" मी मोठी झाले तरी. शेवटी दवाखान्यात सुद्धा, नळ्या लावलेल्या असताना. नर्सला वाटलं ते काहीतरी मागतायत. तिने पाणी आणून दिलं.

कुका: ते घरातलं गं. घरात तो आपल्या आजोबांच्या आवाजात बोलायचा.

नोएमी: म्हणजे टाकलं नव्हतं. घरी आणून ठेवलं होतं.

कुका: शब्दांत पकडू नकोस मला.

नोएमी: बाहेर चंद्र, घरात कालवड. वेस्लीचंही तेच होईल, आत्या. इकडच्या एकाही कागदावर अक्षर बदलत नाही. शाळेत नोव्हाक, रस्त्यावर नोव्हाक. कुणी गाडी अडवली तर नोव्हाक. हे फक्त तिकडच्या दप्तरात. इथं कुणाला दाखवायचंही नाही.

कुका: आणि उद्या यांनी यादी मागितली? दोन देशवाल्यांची?

नोएमी: मग मागतील. त्या यादीत माझ्या सासूबाईंचे चेकसुद्धा असतील. रांगेत सगळ्यांना कोलाचे मिळतील.

कुका: चेकांना नाही बोलावणार कोणी. तुलाही माहीत आहे.

नोएमी: माहीत आहे.

कुका: तरी करणार?

नोएमी: तो निळ्या डोळ्यांमुळे सुटणार, असं तू मघाशी म्हणालीस. खरं आहे. पण त्याने आपण कोण होतो हे विसरून सुटू नये, एवढंच. विसरायचं ठरवलं तर मोठा झाल्यावर ठरवू दे, स्वतःच्या तोंडाने, कारकुनासमोर. बाबांनी ठरवलं तसं.

कुका: तू हे आधी लिहून काढलं होतंस का? एवढं सलग बोलत नाही माणूस.

नोएमी: नाही. बेचाळीस लागला, आत्या. साक्ष द्यायची नसेल तर आत्ताच सांग. तो टोपीवाला मघाशी दाराशी विचारत होता, साक्षीदार हवाय का म्हणून. एका कॉफीत देतो म्हणाला.

कुका: तो? तो हसणारा?

नोएमी: मिनेर्वा आहेच, सही करून गेलीय; दुसरा तो. दोन झाले.

कुका: माझ्या भावाच्या नातवाची साक्ष तो डोक्यावर घमेलं पालथं घातलेला माणूस देणार? फिदेन्सिओचं नाव तरी माहीत आहे का त्याला?

नोएमी: मी सांगेन.

कुका: काय सांगशील? फिल लुना? पेपरात वाचून? तो आमच्या आजोबांना भेटलाय का कधी? तो हंबरणाऱ्या पोरांशी मारामारी करून आलाय का? माझा हा दात बघ, हा. हा त्या आडनावापायी गेलाय. त्या घमेल्याचे सगळे दात शाबूत आहेत!

नोएमी: सगळा हॉल बघतोय आत्या.

कुका: बघू दे. चपला कुठायत? बूट, बूट. कधी काढले मी? हात दे. आणि ड्वेनला हाक मार. पोराचं तोंड पूस म्हणावं, फोटोत लाळ येईल. आणि हे बघ, मी पटलं म्हणून उठत नाहीये.

नोएमी: माहीत आहे.

कुका: मला अजूनही हे चूक वाटतं.

नोएमी: तसं सांग खिडकीवर.

कुका: सांगणारच आहे.

खिडकीवरची बाई: त्रेचाळीस. मुलाचे आईवडील? या, बसा. मिनेर्वाबाईंची सही झालीय. आता दुसरं कोण?

कुका: मी. रेफुहिओ लुना.

खिडकीवरची बाई: मुलाशी नातं?

कुका: त्याच्या आईची आत्या. सख्खी.

खिडकीवरची बाई: सख्खी आत्या, मग पासपोर्टवर नुसतं लुना कसं? आई तर बेसेर्रा आहेत. मेक्सिकोतलं पूर्ण नाव सांगता का, बाई?

कुका: ...रेफुहिओ बेसेर्रा लुना.

खिडकीवरची बाई: माफ करा, बाळ रडतंय, ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने.

कुका: बेसेर्रा! रेफुहिओ बेसेर्रा लुना! आणि ए टोपीवाल्या, हंबरलास तर तिथं येऊन तुझं घमेलं चेपीन.

खिडकीवरची बाई: इथं कोणी हंबरत नाहीये, बाई. माझी आई काब्रेरा. शेळ्यांची. मला सवय आहे.

कुका: अगं बाई. मग तुझं लहानपणही आमच्यासारखंच गेलं म्हणायचं.

खिडकीवरची बाई: वाचून दाखवते, नीट ऐका. वेस्ली नोव्हाक बेसेर्रा. बरोबर?

नोएमी: ...

खिडकीवरची बाई: आई, बरोबर आहे का?

कुका: ती आत्ता बोलणार नाही. बरोबर आहे. दोन्ही र लिहा, एक खाऊ नका. पुढे चला.

खिडकीवरची बाई: आईच्या वडिलांचं नाव?

कुका: फिदेन्सिओ बेसेर्रा लुना. फिल नाही. बी नाही, टिंब नाही. पूर्ण.

खिडकीवरची बाई: फिदेन्सिओ... बेसेर्रा... लुना. हयात आहेत?

कुका: लिहून झालं का आडनाव?

खिडकीवरची बाई: झालं.

कुका: मग पुढचं जरा दमाने विचार, बाई. आत्ताच तर आलाय तो.